राक्षसाचे खांदे

पोळ्याच्या आदल्या दिवशी वऱ्हाडात बैलांचे खांदे शेकतात. वर्षभर जू ज्या जागी घासते तिथली कातडी जाड झालेली असते, एखाद्याची सोललेली असते. त्या जागेवर हळद आणि तूप चोळायचे, पळसाच्या पानांनी शेक द्यायचा आणि उद्याच्या जेवणाचे आवतण खुद्द बैलाला द्यायचे. दुसऱ्या दिवशी शिंगांना बेगड, अंगावर झूल, कपाळाला बाशिंग, गळ्यात घुंगरमाळ. तोरणाखाली गावातल्या जोड्या उभ्या राहतात, झडत्या म्हटल्या जातात, तोरण तुटते आणि पोळा फुटतो. लोकांच्या लक्षात राहतो तो हा दुसरा दिवस. मला जास्त विचार करण्याजोगा वाटतो तो आदल्या दिवसाचा शेक, कारण त्यात एक कबुली आहे. हा प्राणी आपल्यासाठी झिजला आहे आणि नेमका कुठे झिजला ती जागा आपल्याला ठाऊक आहे, अशी ती कबुली. पोरे आणि राक्षस यांच्या जोड्या जमवणाऱ्या जपानी कार्टून मालिकांचा विचार करताना मला हाच प्रश्न पडतो की या राक्षसांना खांदे असतात का, आणि असले तर ते कोणी शेकते का. पुष्कळ मालिकांचे उत्तर नकारार्थी आहे. एका विस्मरणात गेलेल्या मालिकेचे, निदान तिच्या मुळाचे, उत्तर मात्र निराळे आहे.

ती मालिका म्हणजे ‘मॉन्स्टर फार्म’, इंग्रजीत ‘मॉन्स्टर रँचर’. जपानच्या टीबीएस वाहिनीवर एप्रिल १९९९ ते सप्टेंबर २००० या काळात तिचे ७३ भाग झाले. ‘पोकेमॉन’ १९९७ पासून सुरू होतेच, ‘डिजिमॉन’ १९९९च्या मार्चमध्ये आले. या दोन मोठ्या झाडांच्या सावलीत हे झुडूप खुरटले. अमरावती-अकोल्यातल्या आजच्या तिशीतल्या माणसाला पिकाचूविषयी विचारा, तो हसून बोलू लागेल. या मालिकेतल्या मोच्चीविषयी विचारा, बहुधा गप्प बसेल. कथा साधीच आहे. गेन्की नावाचा खेळवेडा शाळकरी मुलगा आपल्या आवडत्या व्हिडिओ गेमच्या जगात ओढला जातो. तिथे राक्षसप्राणी दगडी चकत्यांमध्ये निजलेले आहेत. चकती देवळात नेऊन उघडली की आतला प्राणी जागा होतो. मू नावाच्या जुलमी सत्ताधीशाने राक्षसांच्या फौजा उभ्या करून सगळे जग वेठीस धरले आहे, आणि त्याला आवरू शकेल अशा फिनिक्सची चकती होली नावाची मुलगी शोधते आहे. फिनिक्स निघेल या आशेवर असताना हाती लागतो मोच्ची: गुलाबी, गुबगुबीत, तांदळाच्या जपानी लाडवाचे नाव मिरवणारा. सोबतीला एका डोळ्याचा सुएझो, दगडी गोलेम, लांडग्यासारखा टायगर, लबाड ससा हेअर. दगडात कोणीतरी निजले आहे आणि हाक नीट दिली तर ते जागे होईल, ही कल्पना आपल्याला परकी वाटायचे कारण नाही. धुऱ्यावरच्या शेंदूर लावलेल्या दगडाला हात जोडून वखर जुंपणारा मुलूख आहे हा.

मालिकेपेक्षा तिचे मूळ अधिक विचारात टाकणारे आहे. टेक्मो कंपनीने १९९७ साली प्लेस्टेशनसाठी याच नावाचा खेळ काढला. त्यातली एक करामत तेव्हा फार गाजली. घरातली कुठलीही सीडी यंत्रात घातली की तिच्यावरच्या माहितीवरून एक राक्षस तयार होई. गाण्याची असो, दुसऱ्या खेळाची असो. म्हणजे एखाद्या अभंगांच्या सीडीतूनही काहीतरी निघालेच असते, आणि काय निघाले असते याची कल्पना करत बसण्यात अर्धा तास सहज जाईल. पण खरी गोष्ट तो प्राणी निघाल्यावर सुरू होते. खेळणाऱ्याने त्याला गोठ्यात ठेवायचे. दर महिन्याला काय खाऊ घालायचे ते ठरवायचे. दर आठवड्याला त्याच्याकडून कोणती मेहनत करून घ्यायची की त्याला विसावा द्यायचा, हेही ठरवायचे. थकवा साचतो, ताण साचतो. न थांबता राबवले तर त्याचे आयुष्य कमी होते. चुकला तर रागवायचे की चुचकारायचे हा निर्णय आपला. १९९९च्या दुसऱ्या खेळात तर प्राण्याची निष्ठा लाड आणि धाक अशा दोन मापांच्या बेरजेतून ठरते, आणि केवळ धाकाने किंवा केवळ लाडाने भागत नाही. एवढे सगळे करून तो म्हातारा होतो आणि मरतो. झुंजी आहेत, बक्षिसे आहेत, पण कॅलेंडरचे बहुतेक आठवडे जातात ते चारा, मेहनत आणि विसावा यांच्या हिशेबात. कोणत्याही वऱ्हाडी सालदाराला हा हिशेब समजावून सांगावा लागणार नाही. डवरणीचे दिवस असतील तर बैलाला किती धरायचे आणि दुपारी कधी सोडायचे, हा त्याचा रोजचाच प्रश्न आहे.

आता आपल्या परंपरेतला राक्षस आठवून पाहा. वऱ्हाडातच, बुलढाणा जिल्ह्यात, लोणारचे सरोवर आहे. विज्ञान म्हणते उल्कापाताने झालेले विवर. कथा म्हणते तिथे लवणासुर राहत होता आणि विष्णूने त्याला मारले. गावातले दैत्यसूदनाचे देऊळ त्याच वधाची खूण आहे. चिखलदऱ्याच्या दरीत भीमाने कीचकाला फेकले म्हणून ती कीचकदरा. कीचक राक्षस नव्हता, विराटाचा सेनापती होता. पण लोककथेने त्यालाही राक्षसाचाच शेवट दिला. बकासुराला रोज गाडाभर अन्न, गाडा ओढणारी जनावरे आणि गाडा हाकणारा माणूस, असे सगळेच लागे. ही गोष्ट शेतकऱ्याच्या बाजूने ऐकली की तिच्यातली खरी भीती कळते: राक्षस म्हणजे जो जोडीच खाऊन टाकतो, बैल आणि बैलवाला दोघांनाही. अशा प्राण्याशी भागीदारी संभवत नाही. त्याचा वध होतो आणि मग तो भूगोल होतो. तळे, दरी, टेकडी. राक्षस एकीकडे आणि बैल दुसरीकडे, अशी आपल्या कल्पनेची वाटणी आहे. एकाला मारायचे, दुसऱ्याला जुंपायचे.

‘मॉन्स्टर फार्म’ने ही वाटणीच मोडली. तिने राक्षसाला बैलाची जागा दिली, गोठ्यात. माझा सगळा युक्तिवाद या एका गोष्टीभोवती आहे. मुले आणि राक्षस यांच्या जोडीची गोष्ट चांगली की वाईट हे आखाड्यावरून ठरवू नये, गोठ्यावरून ठरवावे. राक्षस किती झुंजी जिंकतो याला फारसे महत्त्व नाही. तो थकतो हे दिसते का? त्याला भूक लागते, तो आजारी पडतो, त्याला एखादा दिवस काहीच न करण्याचा हक्क असतो, हे मुलाला कळते का? प्रह्लाद, बळी आणि बिभीषण यांची नावे घेऊन कोणी म्हणेल की आपल्याकडेही चांगले दैत्य-राक्षस आहेत. आहेत, आणि बळीराजा तर शेतकऱ्याचाच देव आहे. पण ते सगळे पूज्य आहेत किंवा भक्त आहेत. त्यांच्यासोबत शेजारी बसून भाकर खाल्ली अशी गोष्ट नाही. जवळची म्हणावी अशी एकच जोडी सापडते, विक्रम आणि वेताळ. तिथे नाते खरोखर खांद्याचे आहे. मात्र ओझे राजा वाहतो आणि प्रश्न वेताळ विचारतो. राक्षसाला बैलाची जागा नाही, बैलाची जागा राजाला आहे. वेताळ उडून झाडाला लटकतो, राजा पुन्हा त्याला खांद्यावर घेतो, आणि या येरझारांत दोघांची ओळख वाढत जाते. मुलांना ही गोष्ट इतक्या पिढ्या का आवडली, याचे कारण कोड्यांपेक्षा त्या खांद्यात असावे असा मला संशय आहे.

टीव्हीची मालिका या कसोटीवर तिच्या मूळ खेळाइतकी उतरत नाही, हे मान्य करायला हवे. खेळात आठवडे आहेत, मालिकेत मोहिमा आहेत. मोहिमेत चारा-पाण्याला सवड नसते. तरीही दोन गोष्टी तिच्यात टिकून आहेत. पहिली अशी की चांगला राक्षस आणि वाईट राक्षस यांची जात एकच असते. टायगरचा सख्खा भाऊ मूच्या फौजेत आहे. म्हणजे दुष्टपणा जन्मातून आलेला नाही. कोणाच्या गोठ्यात गेलात यातून आलेला आहे. हे मुलांना सांगणे सोपे नाही, आणि आपल्या वधकथांनी ते सहसा सांगितलेले नाही. दुसरी म्हणजे गेन्कीची समोरच्या राक्षसाशी बोलत राहण्याची खोड. तो हरवण्याआधी हाक मारतो. मोठ्यांना ते बालिश वाटेल. कासरा ओढण्याआधी बैलाला नावाने हाक मारणाऱ्याला तसे वाटणार नाही.

याच जातीची दुसरी एक मालिका आहे, ‘कोन्जिकी नो गॅश बेल’. माकोतो रायकू यांची ही चित्रकथा २००१ पासून छापली जाऊ लागली आणि २००३ ते २००६ या काळात तिचे १५० भाग टीव्हीवर झाले. तिची मांडणी क्रूर आहे. दर हजार वर्षांनी शंभर राक्षसबालके माणसांच्या जगात उतरतात, प्रत्येकाकडे एक पुस्तक, ते वाचू शकणारा एकच माणूस. माणसाने मंत्र म्हटला की राक्षसाची शक्ती चालते. शेवटपर्यंत टिकेल तो राजा. पुस्तक जळाले की राक्षस आपल्या जगात परत. गोठा इथे नाहीच, उघडउघड आखाडा आहे. आणि तरी या मालिकेतला सर्वांत लक्षात राहणारा प्रसंग कोरुरू नावाच्या कोवळ्या राक्षसमुलीचा आहे. तिला लढायचे नाही. मंत्र म्हटला गेला की तिचा स्वभावच बदलतो, ती हिंस्र होते, आणि भानावर आल्यावर आपण काय केले ते पाहून कोसळते. शेवटी ती आपलेच पुस्तक जाळायची विनवणी करते. ते पाहून गॅश ठरवतो की आपण राजा व्हायचे, पण प्रेमळ राजा. ज्या गोष्टीने राक्षसांना जुंपून आखाड्यात उतरवले तीच गोष्ट मधेच थांबून विचारते, की जुंपण्याआधी हिला कोणी विचारले होते का. पोळ्याच्या मिरवणुकीत हा प्रश्न येत नाही. शेकाच्या वेळी, चिघळलेल्या खांद्यावर हात ठेवल्यावर, कदाचित येत असेल.

माझ्या या कसोटीवरचा पहिला आक्षेप सरळ आहे. बैल श्वास घेतो, शेण टाकतो, शिंग उगारतो. राक्षस म्हणजे रंगवलेले चित्र. चित्राच्या थकव्याने मुलाला काय शिकवायचे? हा आक्षेप मला पटला असता, तान्हा पोळा नसता तर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी विदर्भात मुले लाकडी बैल सजवून काढतात. चार पायांखाली पाट, पाटाला चाके, नाकात दोरी. घरोघर फिरायचे आणि बोजारा मिळवायचा. नागपूरकर दुसऱ्या रघुजी भोसल्यांनी हा सण १८०६ मध्ये सुरू केला असे सांगितले जाते. त्यात एक गंमत दडलेली आहे. १८०३च्या नोव्हेंबरात आजच्या अकोला जिल्ह्यातल्या अडगावला आणि डिसेंबरात चिखलदऱ्याजवळच्या गाविलगडावर भोसल्यांचा इंग्रजांकडून पराभव झाला, आणि देवगावच्या तहात वऱ्हाड त्यांच्या हातून गेला. तीन वर्षांनी राजा मुलांच्या हाती लाकडी बैल देतो. कारण काहीही असो, गेलेल्या मुलखातही तो सण रुजला. दोनशे वर्षांपूर्वीच कोणाला तरी समजले होते की मुलाला खऱ्या बैलाजवळ न्यायचे तर आधी लाकडाच्या बैलाजवळ न्यावे. लाकूडही श्वास घेत नाही. तरीही मूल त्याला माळ घालते, त्याच्या कपाळाला टिळा लावते, दुसऱ्याच्या बैलाचा धक्का लागला तर भांडते. चित्र आणि लाकूड यांत या बाबतीत फरक फार थोडा आहे.

दुसरा आक्षेप झुंजीचा, आणि तो अधिक वजनदार आहे. गोठा कितीही दाखवा, मुले पाहतात ती मारामारी. प्राण्यांना आपल्या हौसेसाठी झुंजवणे हेच त्यांच्या मनावर ठसते. वऱ्हाडाला हा वाद नवा नाही, कारण तो न्यायालयात लढला गेला आहे, शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने. अमरावती जिल्ह्यातल्या तळेगाव दशासरचा शंकरपट सगळ्या विदर्भात नावाजलेला. ७ मे २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने बैलांच्या शर्यती बंद केल्या. महाराष्ट्राने २०१७ मध्ये कायदा बदलला, तोही अडकला. १६ डिसेंबर २०२१ला अटींवर परवानगी मिळाली आणि १८ मे २०२३ला घटनापीठाने राज्यांचे कायदे वैध ठरवले. या काळात दोन्ही बाजू जे बोलत होत्या ते लक्षपूर्वक ऐकण्यासारखे होते. विरोधक आखाड्याकडे बोट दाखवत: आरी, चाबूक, पिळलेली शेपटी. समर्थक गोठ्याकडे: पटाच्या बैलाला किती जपतात, काय खाऊ घालतात, त्याला शेतकामाला कसे लावत नाहीत. दोघेही खरे सांगत होते, आणि परवानगी देताना ज्या अटी आल्या त्यांतल्या पुष्कळ प्राण्याच्या अंगाला काय होते याविषयीच्या होत्या. शर्यत असणे हा गुन्हा ठरला नाही, आरी टोचणे हा ठरला. कार्टूनच्या बाबतीतही मी एवढेच म्हणतो. ज्या मालिकेत हरलेला राक्षस पुढच्या भागात ताजातवाना उभा राहतो, तिने आरी लपवलेली आहे. ज्या खेळात झुंजीनंतर त्याला विसावा दिला नाही तर त्याचे आयुष्य घटते, त्याने ती उघड दाखवली आहे. झुंज दोन्हींत आहेच.

पण याहून टोचणारा एक आक्षेप आहे, आणि तो कोणी घेताना दिसत नाही, म्हणून मीच घेतो. मूल आणि जनावर यांची जोडी ही वऱ्हाडात कल्पनेतली गोष्ट नव्हतीच. ती ढोरक्याची गोष्ट होती. आठ-दहा वर्षांचा पोरगा गावची गुरे घेऊन सकाळी रानात जाई आणि सांजेला परते. त्याला प्रत्येक जनावराची खोड ठाऊक असे. कोणती गाय वाट सोडते, कोणता गोऱ्हा मारका आहे. ज्याला आपण कार्टूनमध्ये जिव्हाळा म्हणतो तो त्याच्याजवळ होता. शाळा मात्र नव्हती. आणि गुरे त्याची नव्हती. मोठा झाला की तो सालदार होई, दुसऱ्याच्या बैलांचे खांदे शेकी. पोळ्याच्या तोरणाखाली पहिली जोडी मानाची असे, मान मालकाचा असे. सालदाराला बोजारा मिळे. भागीदारी म्हटले की आपल्याला दोघे दिसतात, मूल आणि प्राणी. वऱ्हाडातल्या खऱ्या भागीदारीत तिसरा नेहमी होता, ज्याच्या नावावर बैल आणि शेत दोन्ही आहेत. ‘मॉन्स्टर फार्म’मध्ये हा तिसरा गाळला गेला आहे, गेन्कीने मोच्ची कोणाकडून साल धरून घेतलेला नाही. म्हणून ती जोडी इतकी निर्मळ वाटते. यावर माझे उत्तर असे की हे गाळणे खोटे असले तरी निरुपयोगी नाही. मुलाच्या डोक्यावरून कामाचे ओझे उतरल्याशिवाय त्याला जनावराशी निव्वळ नाते जोडता येत नाही. लाकडी बैल हा ढोरक्याचा पोरगा शाळेत गेल्यानंतरच खऱ्या अर्थाने त्याचा झाला. जपानमध्येही असेच घडले. तिथल्या भातशेतीत दुसऱ्या महायुद्धानंतर हाताने चालवायची नांगरयंत्रे आली आणि बैल-घोडे गेले. ‘पोकेमॉन’ रचणारे सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करत आणि शहर वाढत गेले तशी किड्यांची ती राने नाहीशी झाली. जनावर अंगणातून गेले की मग ते पडद्यावर येते.

म्हातारपणाचे काय, हा प्रश्न या मालिका बहुधा टाळतात. ‘मॉन्स्टर फार्म’च्या मालिकेत मेलेला राक्षस पुन्हा चकती होऊन पडतो, आणि चकती म्हटली की पुन्हा जागे होण्याची आशा आलीच. खेळात मात्र मरण पक्के आहे, आणि त्याहून अवघड अशी एक सोयही आहे: दोन राक्षस गोठवून ठेवायचे आणि त्यांच्यापासून तिसरा, अधिक ताकदीचा घडवायचा. तिसरा येतो, पहिले दोघे जातात. हुशार खेळाडू हे निर्विकारपणे करतो. बैलबाजारात म्हातारी जोडी देऊन वर पैसे घालून तरणी जोडी आणणाऱ्या शेतकऱ्याला मी यावरून दोष देणार नाही, कारण त्याच्याकडे वैरण मोजकी आहे. २०१५च्या मार्चपासून महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीलाही बंदी आली आणि थकलेल्या बैलाचे काय करायचे हा प्रश्न कायद्याने सुटला नाही, केवळ त्याची जागा बदलली. अकोल्यात गोरक्षण रोड नावाचा रस्ताच आहे. त्या नावामागची इच्छा खरी आहे, आणि सगळ्या वऱ्हाडातले निवृत्त बैल एका रस्त्याच्या नावात मावत नाहीत हेही खरे आहे. मुलांच्या गोष्टीने हा प्रश्न सोडवावा अशी अपेक्षा नाही. तिने तो नाहीच असे भासवू नये, एवढी आहे. म्हणून दहा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातात मरणारा राक्षस देणारा तो १९९७चा खेळ मला त्यावर आधारलेल्या मालिकेपेक्षा प्रामाणिक वाटतो. वाईट वाटते, पण वाईट वाटायलाच हवे.

या सगळ्यामागे विक्री आहे, मालिका खेळासाठी आणि खेळ पैशासाठी, असेही म्हटले जाते. खरेच आहे. पोळ्याचा साज-बाजारही विक्रीच आहे, आणि तान्ह्या पोळ्याला कोणाचा नंदी किती उंच यावर बक्षिसे लागतात, तेव्हा बापाच्या खिशाची उंची मोजली जाते. बाजाराने सण मरत नाही तसा गोष्टीचा जीवही जात नाही.

माझ्या कसोटीला एक गोष्ट मात्र पुरी पडत नाही, ती झाकून ठेवणे बरे नव्हे. राक्षसाचा होकार. मोच्ची गेन्कीवर माया करतो, त्याच्यासाठी लढायला आपणहून पुढे होतो, कारण लेखकाने त्याला बोलता येऊ दिले आणि त्याच्या तोंडी होकार घातला. बैल बोलत नाही. तो मान खाली घालून जुवाखाली येतो. त्याला आपण समजूतदारपणा म्हणतो आणि त्यामागे लहानपणी ओवलेली वेसण आणि खच्चीकरण आहे हे विसरतो. बोलणारा राक्षस मुलाला शिकवतो की प्रेम असले की जुंपणे अन्याय राहत नाही. हे शिक्षण धोक्याचे आहे, आणि त्याचा उपयोग पुढे माणसांवरही होतो. घरात राबणाऱ्या कोणाविषयी ‘तिला आवडतेच’ म्हणणारे लोक काही कार्टून पाहून मोठे झालेले नसतात, पण बोलतात त्याच सुरात. इथे मला पोळा श्रेष्ठ वाटतो. पोळ्यात बैलाच्या होकाराचे नाटक नाही. त्याला आवतण देतात, पण तो यायला तयार आहे असे कोणी म्हणत नाही. त्या दिवशी त्याच्या खांद्यावर जू नसते आणि दुसरे वचनही दिलेले नसते. एक दिवस ही फार थोडी भरपाई आहे, ढोंगी म्हणावे इतकी थोडी. पण तिच्यात बैलाच्या तोंडी शब्द घातलेले नाहीत. गॅशच्या गोष्टीत कोरुरूने जो नकार दिला तो म्हणूनच मोलाचा. राक्षसाला बोलता येत असेल तर त्याला नाही म्हणताही आले पाहिजे, आणि ते म्हटल्यावर गोष्ट थांबली पाहिजे.

पऱ्हाटीच्या वावरात आता ट्रॅक्टर दिसतो, बैलजोडी ठेवणे परवडत नाही असे सांगणारी घरे गावोगाव आहेत. पोळ्याला तोरणाखाली उभ्या राहणाऱ्या जोड्या कमी होत चालल्या, तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी मात्र अमरावती-अकोल्याच्या कॉलन्यांतही निघतात, जिथल्या पोरांनी जू हाताळलेले नाही. त्यांच्यापैकी कित्येकांच्या दप्तरावर पिकाचू असतो, आणि त्यात काही विसंगत आहे असे त्यांना वाटत नाही; मलाही वाटत नाही. नंदी पाटावर उभा असतो. मानेला माळ असते, जू नसते, कारण लाकडी बैलाला जू कोणी करतच नाही. दोरी मुलाच्या हातात असते. रस्ता चढाचा असला तर मूल पुढे वाकते, दोरी खांद्यावरून घेते आणि ओढते, आणि बैल मागून येतो, चाकांवर, खडखडत.